बँक पूलच्या स्पर्धेत कच्च्या खेळाडूनं उतरावं का, आणि उतरलं तर खेळावं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कोल्हापूरचे. दोन वर्षं पार्लरमध्ये एट बॉल, म्हणजे नेहमीचा पूल, खेळतात, सोपे बॉल पाडतात, पण डबल, म्हणजे कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) लावून पाडायचा बॉल, क्वचितच लागतो. तीन आठवड्यांनी त्यांच्या पार्लरमध्ये नऊ बॉलच्या बँक पूलची, म्हणजे बॉल कुशनला लावूनच पाडायच्या खेळाची, स्पर्धा आहे. आधी तीन गेम घेणारा सामना जिंकणार, आणि हरलेल्याला एकदा पुन्हा पैसे भरून उतरता येणार. नावं दिलेले बहुतेक जण स्नूकरमध्ये मुरलेले. आपण उतरावं का, आणि तयारी काय करावी?

उतरा. पण एट बॉलचा खेळ घेऊन उतरू नका. इथे जास्त बॉल पाडायच्या मागे लागलेला कच्चा खेळाडू हरतो. तीनच शॉट नीट शिकलेला, एकाच वेगानं मारणारा आणि पांढरा, म्हणजे क्यूनं मारायचा बॉल, कुठे थांबतोय याकडे लक्ष देणारा कच्चा खेळाडू समोरच्याला घाम फोडतो. एट बॉलमध्ये चांगल्या खेळाडूनं टेबल साफ केलं तर तुम्ही खुर्चीतच बसून राहता. बँकमध्ये चांगले खेळाडूही चुकतात आणि सारखे चुकतात, त्यामुळे तुमची पाळी येत राहते. त्या पाळीत तुम्ही काय करता आणि मागे काय ठेवता, यावर सामना ठरतो.

आधी नियम, कारण कच्च्या खेळाडूचे निम्मे गुण नियमात जातात. स्नूकरवाले ज्याला डबल म्हणतात, तोच इथला एकमेव शॉट. बॉल निदान एका कुशनला लागून पॉकेटमध्ये गेला तरच गुण. सरळ पाडलेला बॉल गुण देत नाही, तो परत स्पॉटवर, म्हणजे टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर, येतो. नऊ बॉलच्या रॅकमध्ये (सुरुवातीला एकत्र मांडलेल्या बॉलमध्ये) आधी पाच पाडणारा गेम घेतो, पंधरा बॉलच्या रॅकमध्ये आधी आठ पाडणारा. शॉट स्वच्छ हवा. वाटेत दुसऱ्या बॉलला धडकला (किस), एका बॉलनं दुसरा ढकलला गेला (प्लँट) किंवा दुसऱ्या बॉलवरून घसरून गेला, तर पडूनही उपयोग नाही. पांढरा आधी कुशनला लावून मग बॉलला मारला, तर तोही गुण बहुतेक नियमांत धरत नाहीत. पॉकेटच्या तोंडाशी जाता जाता कुशनला झालेला ओझरता स्पर्श बँक म्हणून मोजत नाहीत. बॉल आणि पॉकेट आधी सांगावं लागतं. किती कुशन तेही सांगायचं का, हे आयोजकांना सामन्याआधी विचारून घ्या, आणि नियम नसला तरी मोठ्यानं सांगायची सवय लावा: ‘तीन नंबर, एक कुशन, डावं मधलं.’ वाद होतात ते इथेच.

फाउलची शिक्षा मात्र एट बॉलपेक्षा वेगळी आहे आणि नवख्याला ती उशिरा कळते. फाउल झाला की तुम्ही पाडलेला एक बॉल काढून स्पॉटवर ठेवतात. खात्यात एकही नसेल तर उधारी राहते आणि पुढे पाडलेल्या बॉलमधून ती वळती होते. पांढरा पॉकेटमध्ये किंवा टेबलाबाहेर गेला, तरच समोरच्याला तो ब्रेकच्या रेषेमागे (जिथून रॅक फोडतात) हवा तिथे हातानं ठेवता येतो. बाकीच्या फाउलमध्ये पांढरा असेल तिथूनच खेळायचं. पाच बॉलच्या गेममध्ये एक बॉल म्हणजे पाचवा हिस्सा, शिवाय तो समोरच्यासाठी परत टेबलावर येतो. कच्चा खेळाडू हा फाउल सहसा जोरात मारताना करत नाही, हळू सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा शॉट मिळू नये म्हणून मारलेला शॉट, खेळताना करतो. पांढरा बॉलला लागल्यानंतर कोणता तरी बॉल कुशनला लागायलाच हवा. बॉल आधीच कुशनला चिकटलेला असेल आणि तुम्ही तो नुसता दाबलात, तर ते धरत नाहीत. तो सुटून दुसऱ्या कुशनला लागला पाहिजे, नाहीतर पांढरा तरी कुशनपर्यंत पोचला पाहिजे. चिकटलाय की नाही, हे शॉटच्या आधी दोघांनी मिळून बघून घ्या.

एट बॉलवाल्याला सगळ्यात जास्त फसवतो तो पॉकेटच्या तोंडावर लटकलेला बॉल. एट बॉलमध्ये तो आयता गुण. इथे तो जवळजवळ निरुपयोगी, कारण तो तिथून काढून कुशनला लावून पाडावा लागतो. त्याच्याकडे बघत पाळी घालवू नका.

आता शॉटचं गणित. आरशाचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो: बॉल ज्या कोनात कुशनला लागतो, त्याच कोनात परततो. पण टेबलावर उभं राहून कोन मोजता येत नाही. त्यापेक्षा अंतराचा हिस्सा मोजा. बॉल ज्या कुशनला लावायचा आहे तिथून तो किती लांब आहे, ते बघा. बॉल टेबलाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर असेल, तर पॉकेटकडे त्याला लांबीच्या दिशेनं जितकं सरकायचं आहे, त्यातलं एक तृतीयांश अंतर कुशनपर्यंत जाताना कापायचं आणि दोन तृतीयांश परतताना. बॉल पॉकेटच्या बाजूच्या कुशनजवळ असेल, म्हणजे लावायच्या कुशनपासून पूर्ण रुंदी लांब, तर निम्मं जाताना आणि निम्मं येताना. बॉल लावायच्या कुशनपासून पाव रुंदीवर असेल, तर जाताना फक्त एक पंचमांश. अर्धा, तिसरा, पाचवा हे तीन आकडे पाठ करा, मधल्या जागा अंदाजानं भरता येतात. एक लक्षात ठेवा: बॉल सव्वादोन इंचांचा असतो, त्यामुळे त्याचा मध्य कुशनच्या टोकापर्यंत पोचतच नाही, सव्वा इंचाहून जरा कमी अंतर राहिलं की वळतो. नेम कुशनच्या रबरावर धरलात तर चुकेल. रबराच्या अलीकडे, बॉलचा मध्य जिथून वळणार त्या रेषेवर धरा.

एक जागा अशी आहे की तिच्यासाठी वेगळा सराव करायलाच हवा, ती म्हणजे फूट स्पॉट, ब्रेकच्या समोरच्या टोकाकडची खूण, जिथे रॅक मांडतात. फाउलचा, चुकीचा पडलेला, ब्रेकमध्ये पडलेला, सगळे बॉल तिथेच येऊन बसतात. लांब कुशनवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत आठ समान भाग पडतात, मधलं पॉकेट चौथ्या खुणेवर. फूट स्पॉट फूट कुशनपासून (त्या टोकाच्या आखूड कुशनपासून) दोन खुणांवर असतो, म्हणजे मधल्या पॉकेटपासूनही दोनच खुणांवर. शिवाय तो रुंदीच्या मध्यावर आहे. मग हिशोब एकच: बॉल लांब कुशनला स्पॉटच्या समोरच्या जागेपासून दोन तृतीयांश खूण पुढे लावा. मधल्या पॉकेटच्या दिशेनं लावला तर समोरच्या मधल्या पॉकेटात जातो, फूटच्या दिशेनं लावला तर समोरच्या कोपऱ्यात. डावीकडून दोन आणि उजवीकडून दोन मिळून चार शॉट एकाच आकड्यात बसतात. तीन आठवड्यांत एवढं एक पक्कं झालं, तरी स्पर्धेत उतरण्यासारखे झालात.

पण हा आरसा खरा आरसा नाही, आणि तो बिघडतो मुख्यतः वेगामुळे. जोरात मारलेला बॉल कुशनला घसरत लागतो, रबर आत दबतं, आणि बॉल आखूड परततो, म्हणजे हिशोबापेक्षा सरळ मागे येतो. हळू मारलेला बॉल लोळत लोळत कुशनला पोचतो. त्याच्यात पुढचं लोळणं शिल्लक असतं, ते परतल्यावरही त्याला कुशनकडे ओढतं, त्यामुळे बॉल वळून लांब जातो, म्हणजे हिशोबापेक्षा जास्त पसरून परततो. तेच निशाण, तोच कोन, पण वेग बदलला की बॉल पॉकेटच्या एका बाजूला लागेल नाहीतर दुसऱ्या. म्हणून सुरुवातीला वेग एकच ठेवा. मधल्या पॉकेटच्या शॉटसाठी खूण अशी: शॉट चुकला तर बॉल पॉकेटच्या बाजूच्या कुशनला लागून टेबलाच्या मध्यापर्यंत परत यावा, त्याहून पुढे नको. हा वेग हातात बसला की चूक नेमाची की वेगाची हे कळायला लागतं. तोवर सराव म्हणजे नुसती मेहनत.

दुसरा बिघाड कापामुळे होतो. बॉलला कापून, म्हणजे मधोमध न मारता बाजूला, मारलं की पांढऱ्याच्या घासण्यानं त्याला थोडी साइड, म्हणजे आडवी फिरकी, लागते, शिवाय तो कापाच्या विरुद्ध बाजूला किंचित ढकलला जातो. बॉल डावीकडे कापला आणि तो कुशनवरून डावीकडेच परततोय, तर दोन्ही परिणाम मिळून तो आखूड करतात. अशा शॉटला हिशोबापेक्षा जरा जास्त कापा. उलट, पांढरा तिरका येऊन बॉलच्या परतीच्या वाटेच्या पलीकडे जात असेल, म्हणजे बॉल परतताना पांढऱ्याची वाट ओलांडणार असेल, तर ती साइड बॉलला लांब नेते. तिथे जरा कमी कोन घ्या. किती कमी, किती जास्त, ते कापड आणि बॉल किती घासतात यावर असतं. पार्लरचे मळके, चॉकचे डाग पडलेले बॉल जास्त घासतात. सामन्याआधी बॉल ओल्या फडक्यानं पुसून कोरडे करायला सांगा. यात कुणाला वावगं वाटायचं कारण नाही, फायदा दोघांचाही आहे.

पांढऱ्याला स्वतःहून साइड देणं मात्र तीन आठवडे विसरा. साइड दिली की पांढरा आधी स्वतःच रेषेवरून सरकतो, मग बॉलला उलटी साइड चिकटते, मग कुशनवर ती कोन बदलते. तीन ठिकाणी अंदाज लावायचा आणि त्यातला एकही पक्का नाही. स्टन (पांढरा फिरकीशिवाय बॉलला लावणं), साधा फॉलो (पांढरा पुढे लोळवणं) आणि थोडा स्क्रू (पांढरा मागे खेचणं), एवढ्यावर पुष्कळ भागतं.

कुशनजवळच्या बॉलचा धोका वेगळा आहे. बॉल कुशनपासून एका बॉलच्या अंतरात असेल आणि पांढरा जवळजवळ सरळ मागे असेल, तर बॉल लगेच परततो आणि अजून न हललेल्या पांढऱ्यावर आदळतो. हा डबल किस. इथे जोर लावल्यानं काही सुटत नाही. पांढऱ्याला बाजूला व्हायला कोन हवा. कोन नसेल तर तो शॉट सोडा. कच्चा खेळाडू असे शॉट आपटत राहतो, बॉल टेबलभर पसरतात आणि समोरच्याला पाडायला वाटा मिळतात.

आता सामन्याचं गणित, कारण उतरावं की नाही याचं उत्तर त्यातच आहे. सोपं धरू: पडणाऱ्या दर १० बॉलपैकी ४ तुमचे, ६ त्याचे. आधी पाच पाडायच्या गेममध्ये तुमची शक्यता साधारण २७ टक्के येते. आधी तीन गेम घ्यायच्या सामन्यात ती १२ टक्क्यांवर घसरते. सामना लांबला की चांगल्या खेळाडूचा फायदा वाढत जातो, ही सरळ गोष्ट आहे. आता तुम्हाला एक बॉलची सूट मिळाली, तुम्हाला चार आणि त्याला पाच, तर गेम जिंकायची शक्यता ४१ टक्क्यांच्या जवळ जाते आणि सामन्याची ३३. एका बॉलनं जवळजवळ तिप्पट फरक. म्हणून स्पर्धेत सूट असेल तर नाव देतानाच मागून घ्या, तिथे लाजू नका. सूट नसेल आणि नियम अजून ठरायचे असतील, तर नव्या खेळाडूंसाठी आधी दोन गेम घ्यायचे सामने ठेवायला सुचवा.

अमेरिकेत १९९९ पासून होणाऱ्या डर्बी सिटी क्लासिकमध्ये बँक पूलचा विभाग नऊ बॉलवरच खेळतात आणि हरलेल्याला पुन्हा पैसे भरून उतरू देतात. म्हणजे तुमच्या पार्लरनं काही आडवळणाचं केलेलं नाही. त्या देशातल्या एडी टेलरसारख्या खेळाडूंचं नाव मुख्यतः बँकवरच झालं, त्यामुळे हा खेळ नेहमीच्या पूलचा धाकटा भाऊ समजायचं कारण नाही.

शॉट निवडताना दोन प्रश्न एकदम विचारा: पडला तर पुढे काय, आणि चुकला तर पांढरा कुठे? पहिल्या प्रश्नापेक्षा दुसरा महत्त्वाचा, कारण तुमचे चुकणारे शॉट पडणाऱ्यांपेक्षा जास्त असणार. बॉल फूटच्या बाजूला असतील तर पांढरा हेड कुशनला, म्हणजे ब्रेकच्या बाजूच्या आखूड कुशनला, नेऊन थांबवायचा प्रयत्न करा. पांढरा कुशनला चिकटला की समोरच्याला क्यू वर उचलून मारावा लागतो, शिवाय टेबलभर लांबून. तिथून मधल्या पॉकेटचा साधा डबलही कठीण होतो. मध्यावर मोकळा सुटलेला पांढरा ही सगळ्यात वाईट जागा. तिथून त्याला चारी बाजूंनी काहीतरी दिसतं. खासबागेच्या मैदानात हलका पैलवान भारी गड्याला आधी पकड मिळू देत नाही, डाव नंतर टाकतो. इथेही तसंच.

टेबलावर बॉल जास्त असतात तेव्हा सेफ्टी फारशी टिकत नाही, कुठून तरी वाट निघतेच. सुरुवातीला म्हणून स्वच्छ शॉट दिसला तर मारा. बॉल तीन-चार उरले की उलट. आता पांढरा एका टोकाला आणि बॉल दुसऱ्या टोकाला ठेवणं खरंच जमतं, आणि तिथे घाईनं मारलेला एक अवघड शॉट गेम घालवतो. कच्चे खेळाडू नेमकं उलटं करतात: भरलेल्या टेबलावर घाबरून सेफ्टी, आणि चार-चार झाल्यावर हातघाईवर.

सरावाची मांडणी अशी ठेवा. रोज ४० मिनिटं पुरतात. फायलीच्या पानांच्या भोकांना लावतात त्या गोल चिकट्या आणा, पार्लरवाल्याला विचारून चार जागी लावा, म्हणजे बॉल दर वेळी बरोबर त्याच जागी बसतो. कापडावर चॉकनं खुणा करू नका. पहिला आठवडा फक्त फूट स्पॉटवरून मधलं पॉकेट, दोन्ही बाजूंनी, एकाच वेगानं. दहातले किती पडले ते लिहा, आणि चुकलेला आखूड गेला की लांब तेही लिहा. सगळे एकाच बाजूला जात असतील तर नेम बदला. दोन्ही बाजूंना पसरत असतील तर हात हलतोय किंवा वेग बदलतोय, नेमाला हात लावू नका. दुसरा आठवडा त्याच जागेवरून कोपऱ्यात, आणि पाव रुंदीवरच्या बॉलचा एक पंचमांश. तिसऱ्या आठवड्यात लांबीच्या दिशेचा सरळ मागे येणारा शॉट घ्या, पण पाडण्यासाठी नाही. तो मारताना पांढरा कुठे थांबतो हे शिकण्यासाठी. शेवटचे दोन दिवस नवीन काही नको.

टेबल कोणत्या मापाचं आहे, ते आधी बघा. नऊ फुटी टेबलाचं खेळायचं मैदान १०० बाय ५० इंच असतं. आठ फुटी लहान असतं, आणि काही ठिकाणी छोट्या बॉलची, अरुंद पॉकेटची टेबलं असतात. हिश्श्यांचे आकडे सगळीकडे चालतात, वेग मात्र नव्यानं बसवावा लागतो. खुणा नसतील तर क्यूनं मोजून लांब कुशनचे आठ भाग मनात पाडा. पावसाळ्यात कोल्हापुरात हवा इतकी दमट होते की कापड ओलसर पडतं आणि बॉल लवकर थांबतो. म्हणून कोरड्या दिवशीचा हात पावसाच्या दिवशी धरून चालू नका. सामन्याआधी पाच मिनिटं मिळतात. त्यात रॅक फोडत बसू नका. फूट स्पॉटच्या जागेवरून दोन्ही लांब कुशनांवर दोन-दोन शॉट मारा, आखूड की लांब ते बघा. मग प्रत्येक कुशनवर एक बॉल आडवा सरळ सोडा. एखाद्या जागी आवाज बसका येतो आणि बॉल मरगळून परततो, तिथलं रबर गेलेलं असतं. ती जागा लक्षात ठेवा आणि शक्य तिथे टाळा. ही माहिती समोरच्याला नसेल तर तिची किंमत एका बॉलइतकी आहे.

ब्रेकमध्ये पडलेल्या बॉलचा गुण नसतो, तो स्पॉटवर येतो. पण बॉल पडला की पाळी तुमच्याकडेच राहते का, हे आयोजकांना विचारा. राहत असेल तर जोरात फोडा. राहत नसेल तर पांढरा आवरून फोडा, कारण मोकळं टेबल आणि मध्यावरचा पांढरा ही समोरच्याला दिलेली भेट ठरते.

पुन्हा पैसे भरून उतरायचं की नाही, हे घरून निघतानाच ठरवा, हरल्यानंतरच्या तावात नाही. वर धरलेल्या आकड्यांनी, सूट नसताना, दोन संधींत मिळून निदान एक सामना जिंकायची शक्यता साधारण २३ टक्के होते. पैसे वसूल होतील म्हणून भरू नका. भरायचे तर टेबलावर जास्त वेळ मिळावा म्हणून भरा. पहिल्या सामन्यानंतर दहा मिनिटं काढून वहीत तीन आकडे लिहा: किती फाउल झाले, किती वेळा पांढरा मध्यावर सुटला, आणि चुकलेले शॉट आखूड होते की लांब. फाउल दोनाच्या वर असतील तर दुसऱ्या सामन्यात सेफ्टी जरा जोरात खेळा. पांढरा चार वेळा मध्यावर सुटला असेल तर स्टन कमी करून फॉलोनं तो पुढे कुशनपर्यंत न्या. सगळे शॉट आखूड गेले असतील तर सरावासारखा नेम बदलू नका, सामन्याच्या तावात वेग वाढलेला असू शकतो, म्हणून आधी जोर कमी करा.